दोन जण बघत आहेत

आमच्या दाजींनी आयुष्यात एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे घाबरणे. नोकरी केली, संसार केला, एकुलत्या एका मुलीचं लग्न करून तिला नागपूरला धाडलं, पण हे सगळं जाता जाता. खरा धंदा घाबरण्याचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथजवळ मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी खात्यात होते. म्हणजे दिवसभर घाबरण्याचा त्यांना पगार मिळायचा आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करायचे. बदलापूरच्या कात्रपला फ्लॅट घेतला तेव्हा तळमजला नको, कारण पुराचं पाणी. वरचा मजला नको, कारण भूकंप. असं करत करत दुसऱ्या मजल्यावरचा, जिन्याला चिकटलेला फ्लॅट त्यांनी पसंत केला, कारण आग लागली तर पहिल्यांदा आपणच बाहेर. बाहेरगावी निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद करायचे, दाराला कुलूप लावायचे, गेटपर्यंत यायचे आणि परत वर जाऊन वास घ्यायचे. एकदा आम्ही सगळे लग्नाला निघालेलो, जीप भरलेली, वर बॅगा बांधलेल्या, आणि दाजी वास घेऊन खाली आले ते चेहरा पाडून. म्हणाले, "वास येत नाही. पण येत नाही म्हणजे नाकातही दोष असू शकतो." मग माझं नाक वर गेलं.

पावसाळ्यात त्यांचा दूधवाला बारवी धरणाच्या बाजूने यायचा. त्याला दूध घ्यायच्या आधी धरणाचं विचारायचे. तो म्हणाला भरलंय, तर हे फुटेल म्हणून घाबरायचे. तो म्हणाला अजून नाही भरलं, तर उन्हाळ्यात पाणी पुरायचं नाही म्हणून. लग्नाच्या हॉलमध्ये ते कायम दाराजवळच्या खुर्चीत, त्यामुळे प्रत्येक लग्नात पाहुण्यांना वाटायचं की हे मुलीकडचे, स्वागताला बसलेत. कितीतरी अनोळखी वऱ्हाडांनी त्यांच्या हातात अहेराची पाकिटं दिली आणि ती योग्य माणसाकडे पोचतील ना, या काळजीने त्यांचं जेवण गेलं. आणि फोन. दाजींनी फोन उचलून कधी 'हॅलो' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते थेट म्हणायचे, "काय झालं?" आपण सांगायचं, काही नाही दाजी, सहज केला. यावर जवळजवळ रागानेच, "मग फोन कशाला केलास?"

आम्ही हसायचो. ताई तर त्यांच्या तोंडावर हसायची. "तुमचे दाजी झोपेतसुद्धा एक डोळा उघडा ठेवतात आणि दुसऱ्याची काळजी करतात," असं म्हणायची. मग पन्नाशीच्या आसपास ताईला फिट यायला लागल्या, आणि आमचं हसणं बंद झालं.

पहिली फिट आली तेव्हा ती भाकरी थापत होती. दाजी सुट्टीमुळे घरात होते म्हणून वाचली. तवा पालथा, परात पालथी, आणि ताई ओट्याखाली हातपाय झाडत पडलेली. दाजींनी गॅस बंद केला, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात घातला, सगळं अगदी कंपनीत शिकवतात तसं बिनचूक केलं. मी पोचलो तेव्हा ती झोपली होती आणि दाजी तिच्या शेजारी फरशीवर बसून होते. हाताला पीठ तसंच. मला म्हणाले, "एवढी वर्षं मी भलत्याच गोष्टींना घाबरत होतो रे." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, नियमित घेतल्या तर बहुतेक येणार नाहीत, पण गॅरंटी नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दाजींसमोर बोलायला नको होतं.

त्या दिवसापासून दाजी कामावर जात होते ते नुसतं शरीराने. दुपारपर्यंत घरी इतके फोन करायचे की ताई म्हणायची, फिटने नाही, फोन उचलायला धावताना पाय घसरूनच मी पडेन. शेजारच्या वहिनी अधूनमधून डोकावायच्या, पण त्यांनाही त्यांचं घर होतं. मग दाजींनी फर्मान काढलं: सकाळी कामावर जाताना ताईला उल्हासनगरला माझ्याकडे सोडायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. ताई म्हणाली, "मी काय पाळणाघरात ठेवायची पोर आहे?" वर आणखी, बुद्धविहारात जायला बंदी. पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं, दुपारी बायका जमतात, ताई त्यांच्यातली मुख्य वाचणारी. आवाज खणखणीत. वाचता वाचता फिट आली तर, म्हणून तेही बंद. ताई दाजींना काही बोलली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांच्या भीतीत मी मरून जाईन बघ. आजाराने नाही. मला माझ्या घरात राहू दे, एवढं कर." तिने माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही बहुतेक पहिली गोष्ट.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. मी बोलून गेलो की घरात एक नेटवर्क कॅमेरा बसवू, टेलिफोनच्या लायनीवर ब्रॉडबँड घेऊ, दाजी कंपनीच्या कॉम्प्युटरवरून घर बघतील. हे दोन हजार सात-आठचं साल. असला कॅमेरा तेव्हा बँकेत असतो, घरात नसतो, असा सगळ्यांचा समज. दाजींना घेऊन मी उल्हासनगरातल्या आमच्याच कॅम्पातल्या एका शेठच्या दुकानात गेलो. शेठ सिंधी, उत्साही माणूस, माल दाखवायची भारी हौस. म्हणाला, "साईं, घर बैठे दुनिया देखो," आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप करून त्याने एक चित्र उघडलं. कुठलंतरी दुकान. गल्ल्यावर एक जाडा माणूस हनुवटी छातीला लावून झोपलेला. दाजींनी विचारलं, हे तुमचं दुसरं दुकान का? शेठ म्हणाला, "अरे नहीं, पता नहीं किसका है. लोग कंपनी का दिया हुआ पासवर्ड बदलते ही नहीं, कोई भी देख सकता है." आणि खो खो हसला.

मी दाजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे त्याला माहीत नाही, आपण बघतोय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग त्याला कळवायला पाहिजे." मी म्हटलं, दाजी, कुठे कळवणार? तो सुरतेत असेल नाहीतर दुबईत. हे उत्तर त्यांना अजिबात पटलं नाही. पुढे कित्येक आठवडे भलत्याच वेळी ते विचारायचे, "त्या झोपलेल्या माणसाला कोणी सांगितलं असेल का रे?" मग स्वतःच म्हणायचे, सांगितलं असेल कोणीतरी.

कॅमेरा बसवायला मी एका रविवारी कात्रपला गेलो. बसवणं सोपं, पण दाजींना समजावणं म्हणजे दिव्य. मी सांगितलं की बाहेरून आत बघायचं तर मोडेममध्ये एक दार उघडावं लागतं. "दार उघडायचं?" हो. "आणि ते चोराला कळलं तर?" म्हणून दाराला पासवर्ड. "आणि पासवर्ड चोराला कळला तर?" मी पासवर्ड बदलला, नेहमीचं दार सोडून भलत्याच नंबरचं दार उघडलं, पासवर्ड लांबलचक केला, तरी त्यांचा जीव दारातच अडकलेला. त्यात मी सांगायची चूक केली की लाइट जाऊन आली की इंटरनेटवरचा आपल्या घराचा पत्ता बदलतो. बदलापूरला तेव्हा भारनियमन रोजचं. दाजी खुर्चीत बसले. "म्हणजे रोज संध्याकाळी आपलं घर दुसरीकडे जातं?" मग त्यावरचा उपाय सांगितला, की आपण घराला एक नाव घेऊन ठेवायचं, पत्ता बदलला तरी नावाने शोधलं की घर सापडतं. हे मात्र त्यांना आवडलं. माणसाचंही तसंच असतं, म्हणाले.

इतका वेळ ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघायचं आहे ना? मग किल्ली माझ्याकडे." मी सांगितलं होतं की या कॅमेऱ्यात तीन दर्जे असतात. एक मालक, सगळं त्याच्या हातात. एक मधला, जो कॅमेरा वळवू शकतो. आणि एक नुसता बघणारा. ताई म्हणाली, मालक मी. कॅमेरा कुठे बघणार ते मी ठरवणार. झोपायच्या खोलीत नाही, मोरीच्या बाजूला नाही. खिडकीजवळची खुर्ची आणि फोन, बस्स. हे नुसते बघणारे. आणि तिसऱ्या माणसाला पासवर्ड द्यायचा नाही, सख्ख्या भावालाही नाही, म्हणजे तुलासुद्धा नाही, तू घातलेला मी बदलणार. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कॅमेऱ्याचे दाजी असे सगळ्यात खालच्या दर्जाचे झाले, आणि त्यांनी मुकाट्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून नवा संसार सुरू झाला. ताई सकाळची कामं आटोपून मधूनमधून खुर्चीत येऊन बसायची, कधी भाजी निवडत, कधी चष्मा लावून पेपर वाचत. आवाज यायचा नाही, चित्र तुटक तुटक पुढे सरकायचं. दुपारी एक वाजता ती ताट घेऊन खुर्चीत बसायची आणि मोरिवलीला दाजी कॉम्प्युटरसमोर डबा उघडायचे. तिने तयार केलेलंच दोघं जेवायचे. ताई कॅमेऱ्याकडे बघायची नाही, पण लोणचं घ्यायला विसरली की दाजी फोन करायचे, "लोणचं." चित्राच्या कोपऱ्यात लिहून यायचं: एक जण बघत आहे. तो आकडा दाजींना फार आवडायचा. एक म्हणजे मीच, असं मला अभिमानाने सांगायचे. कंपनीतल्या त्यांच्या साहेबाने एकदा खांद्यावरून डोकावलं, तर दाजींनी छातीने स्क्रीन झाकला. म्हणाले, "साहेब, तुम्हाला परवानगी नाही."

सगळं ठीक चाललं असतं, पण आमच्याकडे मानपान नावाचा एक प्रकार आहे. दाजींचे थोरले भाऊ अंबरनाथला राहायचे. त्यांना कुठूनतरी कळलं की धाकट्याने कॅमेरा लावला आणि आपल्याला पासवर्ड दिला नाही. झालं, रुसले. घरात कार्य असलं की पहिली टोपी आणि पहिला टॉवेल त्यांचा, मग पासवर्ड का नाही, असा त्यांचा साधा हिशेब. एका बारशाला ते आले आणि न जेवता उठून चालले. थोरला भाऊ पंगतीतून उठतोय हे बघून दाजींची गाळण उडाली. बायकोला दिलेला शब्द एकीकडे, भावाचा रुसवा दुसरीकडे. चपला घालत असलेल्या भावाच्या कानात त्यांनी पासवर्ड सांगितला. भाऊ परत येऊन बसले आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलं. हे दाजींनी मला आठवड्याने सांगितलं, तेही माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून. "तुझ्या ताईला कळलं तर ती कॅमेरा काढून टाकेल," ते म्हणाले. "मग मी काय करू?" मी म्हटलं, कळणार कसं? पण त्या दिवसापासून त्यांच्या भीतीच्या गाठोड्यात ही एक नवी पडली.

आणि मग ती दुपार आली. मी दुकानात होतो. दाजींचा फोन. मी हॅलो म्हटलं आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "दोन." मी म्हटलं, काय दोन? "दोन जण बघताहेत. आणि खुर्चीत कोणी नाही. घरचा फोन उचलत नाही ती." मला आधी नीट कळेना. मग कळलं. मी म्हटलं, तो दुसरा म्हणजे तुमचे थोरले भाऊ असतील. दाजी म्हणाले, "भाऊंना विचारलं. ते म्हणतात, आमच्याकडे कॉम्प्युटर कुठे आहे? त्यांना नुसता मान हवा होता." मग तो दुसरा कोण? कोणीतरी कुठेतरी बसून माझ्या बहिणीचं घर बघत होता, आणि माझी बहीण त्या घरात दिसत नव्हती. मी मोटरसायकल काढली. रस्ता ओळखीचा, पण त्या दिवशी संपेचना. मला सारखा तो गल्ल्यावर झोपलेला जाडा माणूस आठवत होता, आणि त्याच्याकडे बघून हसलेला शेठ.

मी पोचलो तेव्हा दाजी माझ्या आधी रिक्षाने आले होते. कठड्याला धरल्याशिवाय पायरी न चढणारा हा माणूस जिना धावत चढला होता, आणि आता दारासमोरच्या पायरीवर बसला होता. दाराला बाहेरून कुलूप. त्यांच्या हातात किल्ली होती, पण ती ते उलटीच कुलपात घालत होते. मी ती घेऊन दार उघडलं. आत बघितलं तर कोणी नाही. ओटा स्वच्छ, गॅस बंद. शेजारच्या वहिनींच्या दारालाही कुलूप. दाजी म्हणाले, "मी भावाला सांगितला म्हणून झालं हे. भावाने कोणाला सांगितलं असणार. मीच दार उघडलं." मी त्यांचा खांदा धरला. दवाखान्यात फोन करावा की पोलिसात, या विचारात मी असताना खालून जिन्यावर पावलं वाजली, आणि ताईचा आवाज आला. ती शेजारच्या वहिनींना कोथिंबिरीबद्दल काहीतरी सांगत होती.

ती वर आली, आम्हा दोघांना बघितलं, आणि तिचं हसू गेलं. दाजी उठले. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिथेच उभे राहून रडायला लागले. मोठ्याने नाही, पण थांबेनात. वहिनी हळूच आपल्या घरात गेल्या.

ताईने त्यांना आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं. ती वहिनींना सोबत घेऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेली होती. तिथल्या मुलीला घराचं इंटरनेटवरचं नाव सांगितलं, आपला मालकाचा पासवर्ड घातला, आणि बघत बसली. मी विचारलं, "काय बघत?" म्हणाली, "घर. मी घरात नसले की घर कसं दिसतं ते. हे रोज त्यालाच घाबरतात ना. म्हटलं, बघू तरी काय आहे ते."

"मग काय दिसलं?"

"खुर्ची," ताई म्हणाली. "दुसरं काय दिसणार? उशीचा अभ्रा मळलाय, तो दिसला." मग दाजींकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाली, "कोपऱ्यात लिहून आलं होतं, दोन जण बघत आहेत. मला कळलं, दुसरे तुम्हीच. म्हणून लगेच उठले नाही. म्हटलं, बसू थोडा वेळ बरोबर." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग ती म्हणाली, "आणि भाऊंना पासवर्ड सांगितलात ते मला वहिनींकडून कधीच कळलंय. त्यांनी विहारात सगळ्यांना सांगितलं, आम्हाला आहे म्हणून. मी बदलला नाही. म्हाताऱ्या माणसाचा मान कशाला काढून घ्या?"

त्या संध्याकाळी दोघांमध्ये नवा करार झाला. ताई वहिनींबरोबर विहारात वाचायला जाणार. जाताना, किंवा नुसतं कोणी बघू नये असं वाटलं तरी, कॅमेऱ्यावर टॉवेल टाकणार. दाजी म्हणाले, "टॉवेलच्या मागे काय चाललंय मला कसं कळणार?" ताई म्हणाली, "फिट आलेल्या माणसाला टॉवेल टाकता येतो का? टॉवेल दिसला म्हणजे मी बरी आहे." यात कुठे खोट काढता येते का, हे दाजींनी बराच वेळ तपासलं. सापडली नाही. नंतर मी त्यांना कंपनीत भेटायला गेलो की कित्येकदा स्क्रीनवर नुसता निळ्या चौकड्यांचा टॉवेल असायचा, आणि त्याच्यासमोर दाजी शांतपणे रजिस्टर लिहीत बसलेले. एवढे निवांत मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

ताईला फिट परत आली ती फार थोड्या वेळा, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी जवळ होतं. ती गेली ती वेगळ्याच आजाराने. पोटात वाढत होता, आणि तो कुठल्याच कॅमेऱ्यात दिसणारा नव्हता. दाजींनी कधी त्याची भीती धरली नव्हती. जगातल्या सगळ्या गोष्टींना घाबरून झालं होतं त्यांचं, ही एकच राहिली होती. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिने मला मालकाचा पासवर्ड सांगितला. म्हणाली, "आता तू बघ यांच्याकडे."

आता दाजी निवृत्त झालेत. गॅसचा वास घ्यायला परत वर जात नाहीत. दूधवाल्याला धरणाचं विचारत नाहीत. फोन केला की म्हणतात, "बोल." एवढंच. त्या 'बोल'ची मला फार भीती वाटते. घरात एकटेच असूनही दुपारी ते डब्यात जेवण भरतात, कारण इतक्या वर्षांत ताटात जेवायची सवय गेली. एक वाजता डबा घेऊन ताईच्या खुर्चीत बसतात. मी उल्हासनगरला दुकानात कॉम्प्युटर उघडून बसतो. कोपऱ्यात लिहून येतं, एक जण बघत आहे. त्यांना ते ठाऊक आहे, पण ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

परवा एक वाजता मी उघडलं तर खुर्ची दिसेना. सगळीकडे निळ्या चौकड्या. टॉवेल दिसला म्हणजे माणूस बरा आहे, हा नियम मला पाठ होता. तो करार माझ्यासमोरच तर झाला होता. तरी मी फोन लावला. बराच वेळ वाजून त्यांनी उचलला.

"बोल," दाजी म्हणाले.

"काय झालं?" मी म्हटलं.

मग त्यांचा जुना आवाज आला, कितीतरी दिवसांनी, जवळजवळ रागावलेला. "काही नाही. सदरा बदलत होतो. मग फोन कशाला केलास?"

थोड्या वेळाने टॉवेल निघाला. दाजी खुर्चीत बसले, डब्याचं झाकण काढलं, आणि मीही माझा डबा उघडला.